शिवेबाहेरची सून

बाजाराच्या तोंडाशी विळ्यांना धार लावणारा येऊन बसला, की माझं दुकानातलं लक्ष उडतं. महाडला आमचं वह्या-पेनांचं दुकान आहे. गिऱ्हाईक दुरेघी वही मागतं आणि मी चौकटीची काढून देते. मग नवरा चष्म्यावरून बघतो आणि म्हणतो, "जा बाई, जाऊन ये. तुझं भात पिकलं." माझं म्हणजे माझ्या माहेरचं. पोलादपूर तालुक्यात, उमरठच्या वरच्या अंगाला आमची वाडी आहे. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण त्या वाडीतलं भात या घरात अजून माझंच समजलं जातं, आणि मीही ते कधी नाकारलेलं नाही.

यंदा धारवाला बसला त्याच आठवड्यात एका शाळेच्या कार्यक्रमाला गेले होते. बक्षिसाच्या वह्या आमच्या दुकानातल्या, म्हणून मलाही आमंत्रण. पाहुण्यांनी भाषणाला विषय घेतला होता टीव्ही आणि समाज. मालिकांनी घरं फोडली, बायकांना कारस्थानं शिकवली, म्हाताऱ्यांची भजनं बंद पाडली, असं ते तावातावाने सांगत होते. माझ्या शेजारच्या बाई प्रत्येक वाक्याला मान डोलवत होत्या. सात वाजत आले तशी त्यांची चुळबुळ सुरू झाली. शेवटी माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "आटपतील ना हो वेळेत? आज तिचा साखरपुडा आहे." कुणाचा, ते मी विचारलं नाही. मलाही ठाऊक होतं.

पाहुणे बोलत राहिले आणि मी मनाने कधीच वाडीत जाऊन पोचले होते. या गृहस्थांना एकदा आमच्या चंद्राकाकीसमोर बसवायला हवं, असं सारखं वाटत होतं. आणि मग ती कापणी आठवली, जिची आठवण आली की मला दुकानात एकटीला बसल्या बसल्या हसू येतं.

चार-पाच वर्षं झाली असतील. त्या साली वानरांनी वाडीतल्या छत्र्यांचा निकाल लावला होता. छत्र्या म्हणजे घरांच्या डोक्यावरच्या, टीव्हीच्या. वानरांना त्या झोपाळ्यासाठी बसवल्यात असं वाटायचं. एक लोंबकळायचा, दुसरा त्याच्यावर उडी मारायचा आणि खाली घरात बातम्या सांगणाऱ्याचं तोंड चौकोनाचौकोनात फुटायचं. माझ्या भावाने, सुरेशने, शहाणपणा करून आपल्या छत्रीभोवती करवंदीच्या काट्या बांधल्या होत्या. त्यामुळे अख्ख्या वाडीत एकच टीव्ही धड चालत होता, तो आमच्या पडवीतला. बहुतेकांच्या हातात मोबाइल होते, पण रेंजसाठी वरच्या टेपावर जाऊन उभं राहावं लागे, आणि दिवसभर कापणी केलेल्या बाईला टेपावर चढायची हौस उरलेली नसते.

मग संध्याकाळी सगळ्याजणी आमच्या पडवीत. अंगाला भाताच्या पातीने उठलेली खाज, केसांत तूस, पाय धुतलेले पण घोट्यापर्यंतच. कुणी येताना वाटाणे सोलायला आणायची, कुणी नातवंड. वहिनी काळ्या चहाचं पातेलं मधे ठेवायची. ओल्या पेंढ्याचा तो गोडसर वास, खळ्याला सारवलेल्या शेणाचा वास, चहातल्या गवती चहाचा वास, आणि समोर पडद्यावर रात्री झोपतानाही दागिने न काढणाऱ्या बायका. मला आजही त्या मालिकेचं शीर्षकगीत कुठे ऐकू आलं, की आधी पेंढ्याचा वास येतो.

मालिका साधी होती. शर्वाणी नावाची सून. शिकलेली, गरीब घरची, सोशिक. तिला ऑफिसात नोकरी लागलेली. आणि सासू तिला जाऊ देत नाही. रोज सकाळी शर्वाणी छातीशी फाईल धरून उंबरठ्यापर्यंत यायची, आणि रोज नेमकी तेव्हाच सासूच्या छातीत कळ यायची. तीन बाजूंनी तीनदा शर्वाणीचा चेहरा, तीनदा सासूचा, ढँण ढँण ढँण, आणि उद्या बघा. हे कितीतरी दिवस चाललं होतं. त्या ऑफिसात काय काम असतं, हे मालिकेत कुणीच सांगितलं नाही. फाईल मात्र कायम होती.

आणि यात सगळ्यांत जीव गुंतला होता तो चंद्राकाकीचा. चंद्राकाकी माझ्या धाकट्या काकांची बायको. काका गेल्यापासून शेत तिनेच सांभाळलेलं. उंचीने चार बायकांत बुटकी, आवाजाने चार वाड्यांत मोठी. ती शर्वाणीला 'सरवानी' म्हणायची आणि तिच्या सासूला जे जे म्हणायची, त्यातलं थोडंच इथे लिहिता येईल.

"अगो, त्या म्हातारीला काय धाड भरली हाय? पोर कामाला चाललीय तर जाऊ दे की! घरात ठेवून काय लोनचं घालायचं हाय तिचं?" असं म्हणून ती दोन्ही हातांची बोटं कडाकडा मोडायची, आणि पडद्यावरच्या सासूला पडवीतल्या सगळ्या बायकांचे शाप एकदमच लागायचे.

गंमत अशी, की काकीच्या उजव्या हाताला, खांबाला टेकून, तिची स्वतःची सून बसलेली असायची. मनीषा. शिवथरकडची पोर. बी.कॉम. झालेली, टायपिंगच्या परीक्षा दिलेली. काकीचा मुलगा दिनेश मुंबईला कुरिअरमध्ये. सात-आठ जणांच्या खोलीत राहायचा, तिथे बायकोला कुठे नेणार? म्हणून मनीषा वाडीत, सासूजवळ. तिला महाडच्या एका वकिलांकडे टायपिंगचं काम मिळत होतं. त्या वकिलांचे कागद आमच्या दुकानातून जात, बोलता बोलता मीच शब्द टाकला होता. सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळच्या एसटीने यायचं. वकील म्हणाले होते, दिवाळी झाली की सोमवारपासून या, नाहीतर मला दुसरं माणूस बघावं लागेल.

मनीषाने विषय काढला, की काकीचा गुडघा दुखायला लागायचा. आदल्या क्षणी भाऱ्याखाली ताठ चालणारी बाई मटकन खाली बसायची. "जा, जा. मी काय, खुरडत खुरडत करीन." मनीषा तेल गरम करून आणायची. मग संध्याकाळी दोघी शेजारी शेजारी बसून शर्वाणीच्या सासूला शिव्या घालायच्या. म्हणजे काकी घालायची. मनीषा वाटाणे सोलायची.

पडवीत सगळ्यांना दिसत होतं. बोलत कुणी नव्हतं, कारण आमच्याकडे कापणी सावडीवर चालते. आज सगळी वाडी तुझ्या शेतात, उद्या सगळी माझ्या. सावडीत ज्याची पाळी शेवटची त्याला कुणी दुखवत नाही, त्याचं भात तोवर उभंच असतं आणि पाऊस कधी गाठेल सांगता येत नाही. त्या साली शेवटची पाळी काकीची होती.

पण शेतात जिभा थोड्या सुटतात. एकदा मनीषाच्या हातून पेंडी सुटली आणि काकी कडाडली, "दिसत नाय काय गो? लोंब्या जमिनीला वाटायच्या हायत?" मनीषाने मान वर केली. आणि पलीकडच्या ओळीतून आमच्या वहिनीने, तोंड खाली ठेवून, हळूच आवाज काढला, "ढँण ढँण ढँण." झालं. अख्खी ओळ विळे टाकून हसत सुटली. काकीला काही कळेना. "काय झालं गो? साप निघाला काय?" म्हणून ती पायाखाली बघायला लागली, तेव्हा तर दोघीतिघी बांधावरच बसल्या.

टीव्हीने माणसं बिघडतात की सुधारतात, मला ठरवता येत नाही. त्या दिवसांत वाडीत काय काय बदललं होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. वहिनी चहा ताटलीत मांडून आणायला लागली होती. पोरं बांधावरून उडी मारून हवेतच हळू हळू पडल्यासारखं करायची आणि खरंच लागलं, की मोठ्याने रडायची. मालिकेतल्या जावेने खिरीत काहीतरी कालवलं, त्यानंतर काकी आठवडाभर दूध आधी मांजरीला द्यायची. मांजर त्या आठवड्यात चांगली गरगरीत झाली. झोडणीच्या वेळी म्हाताऱ्या बायका ओव्या म्हणायच्या, त्या मात्र कमी झाल्या, आणि त्याचं मला वाईट वाटतं. भाषणातल्या पाहुण्यांचं तेवढं मला पटलं होतं.

मीच एकदा धीर केला. काकीच्या शेतात दोघी भारे बांधत होतो. मी म्हटलं, "काकी, एक विचारू? ती शर्वाणीची सासू आणि तू..."

"माजं येगळं हाय," तिने मला पुरतं बोलूच दिलं नाही. म्हणजे तिलाही कळलेलं होतं. "त्यांच्याकडं भात हाय काय? म्हशी हायत काय? सगळं आयतं. पायरीवरून उतरायला पन गादी घातलेली. तिनं पोरीला का आडवावं?"

"आणि तू?"

काकीने भाऱ्याचा बंध गुडघ्याने दाबून आवळला. त्याच दुखऱ्या गुडघ्याने. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुजा काका गेला. दिन्या मुंबयला. दिवा लावल्यावर घरात बोलायला कोन हाय मला, सांग. ही महाडला जायाला लागली का उद्या म्हनंल तिथंच खोली बघते. मंग मी कुनाशी भांडू? खांबाशी?"

मी उठून लांबची पेंडी आणायला गेले. काकीची भीती खोटी नव्हती. आमच्या वाडीत कुलूप लावलेली दारं मोजायला बसू नये अशीच आहेत, आणि त्यातलं एकही दार एका दिवसात बंद झालेलं नाही. आधी माणूस रोजचं जाऊन येऊन करतं, मग शनिवारी येतं, मग शिमग्याला.

काकीचं शेत आटोपलं तो सावडीचा शेवटचा दिवस. त्या दिवशी ऊन कलायच्या आत सगळी वाडी शिवेवरच्या काळकाईला जाते. कापणी सुखाने पार पडली म्हणून नारळ द्यायचा आणि गाऱ्हाणं घालायचं. गाऱ्हाणं घालतात धोंडूआबा, भावकीतले सगळ्यांत वडील. देवी बाई असली तरी गाऱ्हाण्यात तिला महाराजाच म्हणतात, आणि आबांच्या प्रत्येक मागण्याला सगळ्यांनी एकसुरात "व्हय म्हाराजा" म्हणायचं. ज्याला वेगळं काही मागायचं असेल त्याने ते आबांच्या कानावर घालावं, आबा त्याचं नाव, घर आणि वाडी घेऊन ते देवीपुढे मांडतात. एकदा गाऱ्हाणं पडलं, की ते एकट्याचं राहत नाही. सगळ्यांनी होकार भरलेला असतो, मग ते मोडायची कुणाची छाती होत नाही.

आबांनी पावसाचं मागितलं, गुरांचं मागितलं, मुंबईच्या पोरांचं मागितलं. दिनेशही कापणीला आलेला, तोही मागे उभा होता. शेवटी आबांनी नारळ डोक्यावर उचलला आणि विचारलं, "कुनाचं काय ऱ्हायलं हाय?"

"माजं एक हाय," काकी पुढे झाली. "त्या सरवानीच्या सासूला बुद्धी दे म्हनावं. पोरीला कामावर जाऊ दे. फाईल धरून धरून हात दुखलं तिचं."

कुणीतरी फिस्सकन हसलं. आबा हसले नाहीत. टीव्ही म्हणजे बायकांचं खूळ, असं ते कायम म्हणायचे. ते गंभीरपणे म्हणाले, "कंची? जिच्या सासूनं काल बशी फोडली ती?"

आबा रोज आमच्या पडवीच्या खिडकीबाहेर तंबाखू मळत का उभे राहायचे, ते तेव्हा सगळ्यांना कळलं.

"तीच, तीच!"

"बरं. गाव सांग तिचं. घर सांग."

काकीने मागे वळून पाहिलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मोठा जिना होता, दारात दोन गाड्या होत्या, अंगणात तुळस होती. पण गाव? इतक्या दिवसांत शर्वाणीचं गाव कुणी ऐकलंच नव्हतं. मागून दिनेश म्हणाला, "आये, सेट असतो तो. नकली घर. मुंबईला उभं करतात. छोड ना."

"मंग मुंबयच्या देवीला सांगा," आबा म्हणाले. "आपल्या काळकाईचा हुकूम शिवेपर्यंत. शिवेबाहेरच्या सुनंचं गाऱ्हानं हितं चालत नाय."

आता पंचाईत ही, की गाऱ्हाण्याला उचललेला नारळ न फोडता खाली ठेवत नाहीत. आणि मागणं तर निघालेलं. आबांचे हात वर, वय ऐंशीच्या घरात. "लवकर बोल गो चंद्रे. हात भरून आला. शिवेतल्या कुनाचं आसंल तर सांग."

मनीषा पाण्याचा तांब्या घेऊन देवीच्या उजव्या अंगाला उभी होती. तिने मान खाली घातली होती. काकीने तिच्याकडे पाहिलं. मग वहिनीकडे, माझ्याकडे, सगळ्या ओळीकडे. ढँण ढँण ढँण करायची एवढी चांगली संधी होती, पण कुणालाही आवाज काढायचा धीर झाला नाही.

"मंग आमच्या मनीचं घाल," काकी म्हणाली.

"काय घालू?"

"त्येच की रे! परत परत काय इचारतोस? सासूला बुद्धी दे. पोरीला कामावर जाऊ दे." आणि मग, जरा हळू, "आन् सांजच्या गाडीनं घरला येऊ दे."

आबांनी डोळे मिटले. "हे म्हाराजा! ह्याच वाडीची, ह्याच शिवेतली, चंद्रभागेची सून मनीषा. तिच्या सासूला बुद्धी दे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" असा होकार मी आमच्या शिवेवर आधी कधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. झाडावरचे बगळे उठले. दिनेश ओरडला, मी ओरडले, पोरं नुसतीच ओरडली. मनीषाच्या हातातला तांब्या अर्धा सांडला. नारळ एका फटक्यात दोन सारख्या भकलांत फुटला, पांढराशुभ्र.

वाटेत काकी तोऱ्यात पुढे चालत होती. मी गाठलं तर म्हणाली, "देवीचा हुकूम हाय. त्यात माजं काय चालतं?"

त्या संध्याकाळी पडवीत मालिका लागली तेव्हा काकीने शर्वाणीच्या सासूला एकही शिवी दिली नाही. नुसती बघत बसली, जरा वरच्या पायरीवरून बघावं तशी.

आता हे सगळं आठवताना एक मनात येतं. तोच भाग काकीने मोबाइलवर, एकटीने, कानात बोंड्या घालून पाहिला असता तर? शर्वाणी तशीच रडली असती, सासू तशीच दुष्ट वागली असती. पण शेजारी मनीषा नसती, पुढच्या ओळीत वहिनी नसती आणि बोटं मोडल्यावर मनीषाकडे वळणाऱ्या बायकांच्या नजराही नसत्या. आता वाडीत टॉवर आलाय. ज्याचा त्याचा पडदा ज्याच्या त्याच्या हातात. पाहुण्यांनी भाषण करायचंच तर त्यावर करावं, मी पुढच्या रांगेत बसून मान डोलवीन.

यंदा मी गेले ती रविवारच्या आदल्या दिवशी. रविवार अशासाठी, की मनीषाला सुट्टी असते, म्हणून सावडीत काकीची पाळी आता रविवारीच धरतात. वाडीने हे कधी बसून ठरवलं नाही, तसं होत गेलं. मनीषाने महाडला खोली घेतली नाही. दिनेशलाच आता मुंबई नको झाली आहे, महाडात काही बघ म्हणून तो माझ्या नवऱ्याच्या मागे लागलाय. मधे एकदा काकी डोळे दाखवायला महाडला आली होती, तेव्हा तिने हट्ट धरला, मनी काम करते ते दाखव. मी तिला कोर्टाच्या आवारात नेलं. समोरून मनीषा आली, वकिलांच्या मागे लगबगीने, छातीशी चार फायली धरून. काकीने माझा हात दाबला. "बघ, मी म्हनत नव्हते? फाईल आसतेच." आणि पदराने डोळे पुसले. म्हणाली, डागतरानं घातलेलं औषध झोंबतंय.

काकीच्या छत्रीलाही आता काट्या बांधल्या आहेत. शनिवारी संध्याकाळी मी तिच्याच घरी टेकले. टीव्ही चालू होता आणि, खरं सांगते, शर्वाणीच होती. मधे दोन वर्षं तिची स्मृती गेली होती, एकदा ती मेली होती, चेहराही बदलला होता. पण आज पुन्हा त्याच उंबरठ्यावर, फाईल घेऊन.

"अजून हिला जाऊ दिलं नाही?" मी विचारलं.

"कसं देतील गो?" काकी म्हणाली, आणि तिच्या आवाजात खरोखरची कळकळ होती. "तिला गाव नाय, शीव नाय. गाऱ्हानं घालायचं तर कुठं घालनार बिचारी?"

पडद्यावर ढँण ढँण सुरू झालं. तेवढ्यात खालच्या वळणावरून चढ चढणाऱ्या एसटीचा आवाज आला. काकीने कान दिला, रिमोट उचलून टीव्ही बंद केला आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.